संस्काराच्या आधी लळा

मराठी समीक्षेला एक जुनी सवय आहे. लेखक गरिबीतून, उपासमारीतून किंवा अपमानातून आलेला असला की ती लगेच भट्टीची उपमा काढते. दुःखाच्या भट्टीत तावून सुलाखून निघालेले लेखन, असे एकदा लिहिले की समीक्षकाचे काम झाले. दलित आत्मकथनांविषयी गेल्या चार दशकांत जे लिहिले गेले त्यातले बरेचसे याच चालीचे आहे आणि मुस्लिम मराठी साहित्याच्या समीक्षेनेही ती चाल फारसा विचार न करता उचलली. दंगल, दारिद्र्य आणि दुय्यमपणा यांनी आमचा लेखक घडला, असे आपण प्रस्तावनांतून लिहीत असतो. आम्हाला हे विधान तपासून पाहावेसे वाटते. त्याच भट्टीत पडलेली कितीतरी मुले जळून गेली. त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत आणि त्यांच्यावर कोणी प्रस्तावना लिहिली नाही. मग जो वाचला तो कशाने वाचला? तो अगदी लहान असताना त्याच्याजवळ कोण होते?

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे: लळा. माया देणाऱ्याकडून येते, लळा मात्र मुलाला लागतो. पाळण्यातले पोर शेकडो चेहऱ्यांतून एक चेहरा निवडते, त्याच्या अंगाच्या वासाने शांत होते आणि तो दिसेनासा झाला की रडते. इंग्लंडमधले मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी दुसऱ्या महायुद्धात घर हरवलेल्या मुलांसंबंधी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली एक अहवाल लिहिला. कोणातरी एका भरवशाच्या माणसाशी जडलेले हे नाते मुलाला अन्नाइतकेच लागते, हा त्याचा गाभा होता. पुढे अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांना तारेची एक आई आणि कापडाची एक आई करून दिली. तारेच्या आईकडे दूध होते. पिल्ले दूध पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि उरलेला वेळ कापडाला बिलगून बसत. आमच्या आज्यांना हे सांगायला प्रयोगशाळा लागली नसती हे खरे; पण आज्यांचे म्हणणे समीक्षेत कधी आले नाही, हेही खरे.

मराठी साहित्यात आईचे मूल घडवणे म्हटले की 'श्यामची आई' आठवते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते पुस्तक लिहिले आणि तेव्हापासून मराठी मनाने आईची सगळी कामगिरी एका शब्दात बसवली: संस्कार. पुस्तकाविषयी आमच्या मनात आदर आहे. मात्र त्यातला श्याम बोलता, चालता, चुकता आणि समजावून सांगितलेले समजणारा मुलगा आहे. आई सांगते आणि तो ऐकतो. त्याआधीची तीन-चार वर्षे, म्हणजे सांगणे-ऐकणे सुरू होण्यापूर्वीचा काळ, या रचनेत जवळजवळ नाही. पुढच्या मराठी लेखकांनी हाच साचा घेतला. आमच्याकडे त्याला तरबियत म्हणतात, एवढाच फरक.

वास्तविक आपल्या रिवाजाने हा भेद फार आधी ओळखला होता. बाळाच्या कानात अजान दिली जाते, सव्वा महिना जच्चा-बच्चा दोघांना जपले जाते, दोन वर्षे दूध पाजण्याचा निर्देश खुद्द कुरआनात आहे. आणि बिस्मिल्लाख्वानी होते ती चार वर्षे, चार महिने, चार दिवसांनी. पाटी हाती येण्यापूर्वीची ही चार वर्षे मांडीची आहेत. आमच्या लेखकांनी बिस्मिल्लाच्या मिठाईची वर्णने पुष्कळ केली. त्याआधीच्या चार वर्षांकडे वळून पाहिलेले आम्हाला क्वचितच आढळले.

मराठीत तो काळ, किंवा निदान त्याची सावली, जिथे दिसते त्या पुस्तकाकडे आता वळू. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली आले. बारा माशांचा तोळा, त्यात अकराच मासे भरले तर ते सोने हिणकस; त्यावरून अनौरस मुलाला हा शब्द लावतात. आई मसामाई महार आणि बाप बासलेगावचा पाटील हणमंता लिंबाळे. बापाने मूल आपले म्हटले नाही. हे सगळे सर्वश्रुत आहे आणि या पुस्तकावरची चर्चा बहुतेक इथेच फिरत राहिली: जात, अनौरसपण, भूक, आणि आईविषयी इतके उघड लिहावे की नाही याबद्दलची नाके मुरडणे.

पण शरणला वाढवले कोणी? आजी संतामाईने, आणि तिच्याबरोबर राहणाऱ्या महमूद दस्तगीर जमादार या मुसलमान माणसाने. शरण त्याला दादा म्हणतो. हन्नूरच्या एस.टी. स्टँडवर हमाली करणारा हा माणूस. त्याचे शरणशी रक्ताचे नाते नाही, जातीचे नाही, धर्माचे नाही. संतामाईशी त्याचे लग्नही झालेले नाही. समाजाच्या कोणत्याही वहीत हे कुटुंब म्हणून लिहिता येणार नाही. तरीही मुलाच्या बाजूने पाहिले तर हेच त्याचे घर आहे. ज्याने आडनाव दिले त्याने तोंड फिरवले, आणि ज्याचे नाव कुठे लागणार नव्हते त्याने पोर सांभाळले.

पुस्तकातला एक प्रसंग अनेकांनी भुकेचे उदाहरण म्हणून सांगितला आहे. संतामाई गुरांचे शेण गोळा करते, त्यातले न पचलेले ज्वारीचे दाणे वेचते, धुते, वाळवते, दळते आणि त्याच्या भाकरी थापते. समीक्षक इथे थांबतात आणि दारिद्र्याच्या दाहकतेविषयी एक परिच्छेद लिहितात. प्रसंग मात्र पुढे आहे. ती शेणातल्या दाण्यांची भाकरी आजी स्वतः खाते. नातवाच्या पुढ्यात ती मागून आणलेल्या चांगल्या पिठाची भाकरी ठेवते. तू वेगळी का खातेस म्हणून तो हट्ट करतो, तिच्यातला तुकडा तोंडात घालतो आणि त्याला तो गिळवत नाही. आम्हाला या प्रसंगात भुकेइतकीच दुसरी एक गोष्ट दिसते. घरात दोन भाकरी आहेत आणि कोणती कोणाची हे ठरलेले आहे. एवढ्या टंचाईतही मुलाला रोज कळत होते की आपला घास आधी आहे. ज्या मुलाला हे कळलेले असते तो जगाकडे रागाने पाहू शकतो. ज्याला ते कधीच कळले नाही त्याला राग करायलाही कोणी भेटत नाही.

दादाविषयी लिंबाळे तुटक लिहितात. दोन ओळी इथे, चार ओळी तिथे. हा पुस्तकाचा दोष आहे असे काही वाचक म्हणतील. आम्हाला ते तुटकपण खरे वाटते, कारण इतक्या जवळच्या माणसाचे वर्णन मूल करत नाही. तो भिंतीसारखा तिथे असतोच. उलट आमची तक्रार वाचणाऱ्यांविषयी आहे. दलित समीक्षेला दादा अडचणीचा वाटला असावा, कारण तो कोणत्याही बाजूच्या मांडणीत बसत नाही. आणि आम्ही? १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. हन्नूर त्याच जिल्ह्यात, अक्कलकोट तालुक्यात. मराठीत मुसलमानांचे चित्रण एकसुरी होते, खलनायक नाहीतर अत्तरविक्या, ही तक्रार आपण तेव्हापासून आजतागायत करत आलो आणि ती रास्तच आहे. पण ज्या पुस्तकात एक मुसलमान पुरुष परक्याच्या पोराचा सांभाळ करतो ते पुस्तक तेव्हा सहा वर्षे आपल्यासमोर पडले होते. फार तर हिंदू-मुस्लिम ऐक्याच्या भाषणात त्याचा उल्लेख झाला असेल. तो उल्लेखही दादावर अन्यायच करतो. दादा ऐक्यासाठी काही करत नव्हता. पोराला भूक लागली होती आणि तो घरात होता.

इथे एक खबरदारी घेतली पाहिजे. लळा असला की सगळे भरून निघते असे 'अक्करमाशी' सांगत नाही. आपण कोण, महार की लिंगायत की दादाच्या नात्याने मुसलमानही, हा प्रश्न शरणला पोखरत राहतो. लाज जात नाही. पुढे लग्नाच्या वेळीही ती आडवी येते. संतामाई आणि दादा यांनी जखम होऊ दिली नाही असे नव्हे. जखमेसकट जगता येईल इतके बळ त्यांनी दिले. हवाई बेटांतल्या कवाई येथे एमी वर्नर यांनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळीस वर्षांपर्यंत मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातली व्यसने, भांडणे अशा अनेक संकटांत एकदम सापडलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले धडधाकट मनाची, कामसू आणि मायाळू निघाली. त्यांच्यात जे समान आढळले त्यात एक गोष्ट ठळक होती: आईबाप कमी पडले तिथे आजी, आजोबा, थोरले भावंड किंवा शेजारी, असे निदान एक माणूस त्यांना लहानपणी पक्के मिळाले होते. वर्नरबाईंनी 'अक्करमाशी' वाचले असण्याची शक्यता नाही, पण संतामाई त्यांनी ओळखली असती. उरलेल्या दोन-तृतीयांशांचा हिशेबही विसरता येत नाही. भट्टीच्या उपमेत तो कधीच धरला जात नाही.

मुंबईच्या साहित्यात या जागी नारायण सुर्वे आहेत. १९२६च्या सुमारास गिरणगावात टाकून दिलेले अर्भक गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले आणि काशीबाईने वाढवले. दोघेही गिरणीत राबणारे. मुलाला आपले नाव दिले, चौथीपर्यंत शाळेत घातले. पुढे निवृत्त होऊन ते कोकणात गेले तेव्हा नारायण दहा-बारा वर्षांचा होता आणि या शहरात पुन्हा एकटा उरला. या पोरकेपणाने कवी घडवला असे म्हणण्याची पद्धत आहे. 'माझे विद्यापीठ' या शीर्षकाने रस्ता हीच त्यांची शाळा असल्याचे आपल्या मनात बसवले. पण रस्त्यावर येण्यापूर्वीची दहा वर्षे एका खोलीत दोन माणसांनी त्यांना आपला म्हटले होते. रस्त्यावर शिकता येण्यासाठी आधी माणसांवर विश्वास ठेवता यावा लागतो, आणि सुर्व्यांच्या कवितेत तो विश्वास इतका सहज आहे की तो रस्त्याने दिला असे आम्हाला वाटत नाही.

या विषयावरचे पाश्चात्त्य संशोधन जसेच्या तसे घेऊ नये असेही आमचे मत आहे. १९९८ साली अमेरिकेतून बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांचे एक मोठे सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. घरात मारहाण, व्यसन, मानसिक आजार असे अनुभव जितके जास्त, तितके मोठेपणी हृदयविकार, नैराश्य आणि व्यसन यांचे प्रमाण जास्त, असे त्यात दिसले. निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण प्रश्नावली घराच्या चार भिंतींतली होती. भुकेचा प्रश्न त्यात नव्हता. घर पाडले जाण्याचा नव्हता. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईतल्या ज्या मुलांनी पलंगाखाली रात्री काढल्या त्यांना कोणत्या रकान्यात टिचकी मारायला सांगणार होते?

आम्ही राहतो त्या कांजूरमार्गात लळ्याचा प्रश्न पुस्तकातला नाही. रेल्वेच्या पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्ग आणि त्यापलीकडे पवई. पूर्वेला द्रुतगती महामार्ग, त्यापलीकडे मिठागरे, खाडी आणि कचऱ्याचा डेपो. शास्त्री मार्गावर एके काळी कारखान्यांची रांग होती. पाळीची नोकरी, भविष्यनिर्वाह निधी, ठरलेल्या वेळी घरी येणारा बाप. ते कारखाने एकेक करून मिटले आणि त्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. आता सकाळी स्टेशनाबाहेर पवईच्या शेअर रिक्षांसाठी बायकांची रांग लागते. त्यातल्या कित्येकींचे काम म्हणजे टॉवरमधली मुले सांभाळणे. त्या मुलांना या बायांचा लळा लागतो आणि तो खराच असतो. बोल्बी स्वतः दाईच्या हाताखाली वाढले होते आणि चार वर्षांचे असताना ती सोडून गेली, ते दुःख त्यांना आईच्या वियोगासारखे वाटले होते. पण या बाईचे स्वतःचे मूल त्या वेळी शेजारच्या दादीकडे असते, नाहीतर नऊ-दहा वर्षांच्या थोरल्या मुलीच्या कडेवर.

२०१७ च्या सुधारित कायद्याने बाळंतपणाची रजा २६ आठवडे केली आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. घरकाम करणाऱ्या बाईला यातले एकही मिळत नाही. १९७५ साली ३३ प्रकल्पांनी सुरू झालेली अंगणवाडी आज वस्तीवस्तीत आहे. ती मुलाचे वजन करते, तीन वर्षांपुढच्या मुलांना काही तास बसवून घेते. तीन वर्षांखालच्या मुलांना मुख्यतः घरी न्यायचा आहार मिळतो. सगळ्यात नाजूक वर्षे म्हणजे दादीची वर्षे.

आणि दादीही आता पूर्वीसारखी हाताशी नाही. झोपडपट्टीत दार उघडे असे, आणि एका दादीच्या नजरेत चार घरांची मुले असत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रेल्वेच्या नव्या मार्गांसाठी हटवलेली कुटुंबे कांजूरमार्गच्या शिबिरांत आली, पुढे पुनर्वसनाच्या इमारती झाल्या. पाणी आले, संडास आला, पत्ता मिळाला. यातले काहीही कमी लेखण्याचा आमचा इरादा नाही. पण सातव्या मजल्यावर दार बंद असते. दादी जिना उतरू शकत नाही आणि लिफ्ट बंद पडलेली असते. खालच्या मजल्यावरचे पोर रडते ते तिला ऐकू येत नाही.

आमच्या कथांतून दादी येते, भरपूर येते. हातात तसबीह, तोंडात पान, ओठांवर दुआ. जुन्या जमान्याच्या आठवणी सांगते आणि शेवटच्या पानावर अल्लाला प्यारी होते. तिच्या मांडीवर कोणाचे मूल आहे हे कथेला दिसत नाही. कडेवर भाऊ घेतलेली नऊ वर्षांची मुलगी तर कथेत येतच नाही. घरात तिला कौतुकाने छोटी अम्मी म्हणतात. ती दुसऱ्याचा आधार होते आणि तिचा आधार कोणी होत नाही. शाळा सुटते ती वेगळीच. आईच्या त्यागावर आपल्याकडे शेकडो कविता आहेत. ती कामावर गेल्यानंतरच्या आठ तासांवर किती आहेत, हे आमच्या कवींनी एकदा मोजून पाहावे.

भट्टीच्या उपमेचा हिशेब पुस्तकांबाहेरही चुकवावा लागतो. सोसल्याशिवाय पोर शिकत नाही, असे आपल्या मोहल्ल्यात सर्रास बोलले जाते. बिहारमधून आणलेली आठ-दहा वर्षांची मुले मुंबईच्या जरीच्या कारखान्यांत राबत होती. २००५ साली छापे पडले आणि त्यातली शेकडो बाहेर काढली गेली, तेव्हाही 'हुनर शिकत होती' असे म्हणणारे भेटत होते. यतीमखान्यांविषयीही आपले समाधान असेच आहे. कपडे, जेवण, दीन आणि दुनियेची तालीम यांची सोय झाली की आपल्याला बरे वाटते. देणगीदारांच्या नेकीविषयी आम्हाला शंका नाही. पण रुमानियात २००० साली सुरू झालेल्या एका अभ्यासात अनाथालयातल्या १३६ बाळांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून पालक कुटुंबांत ठेवले गेले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि नाती सुधारली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची अधिक. अन्न दोन्हीकडे होते. पाळी बदलल्यावर न जाणारे माणूस फक्त कुटुंबात होते.

आपल्या धर्मेतिहासात या माणसाला मोठे स्थान आहे. पैगंबर साहेबांचे (स.) वालिद जन्माआधी गेले, दूध हलीमा सादिया यांनी पाजले, सहाव्या वर्षी आई गेली, आठव्या वर्षी आजोबा गेले आणि पुढे चाचा अबू तालिब यांनी सांभाळले. आई वारली त्या प्रवासातून बाळाला मक्केला परत आणले ते उम्मे ऐमन या हबशी दासीने, आणि पुढे आयुष्यभर त्यांनी तिला आईचा मान दिल्याचे सीरतकार लिहितात. दूधनात्याला आपल्या कायद्यात रक्तासारखी बंधने आहेत, म्हणजे पाजण्याने नाते निर्माण होते हे शरीयतने मान्य केले आहे. तरीही आपल्याकडे दत्तकाची चर्चा निघाली की ती नाव आणि वारसा यांच्यावर अडते. फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर, कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेता येईल असे सांगितले, तेव्हाही आपल्या नियतकालिकांत बाजू मांडल्या गेल्या त्या शरीयत आणि राज्यघटनेच्या. ती चर्चा व्हायलाच हवी. दरम्यान त्या बाळाला रात्री कोण घेते, हा प्रश्न साहित्याने विचारायचा होता.

म्हणून आम्हाला पुन्हा महमूद दस्तगीर जमादार आठवतो. लिंबाळे यांनी त्याला नातवाच्या नजरेने दाखवले; त्यापेक्षा अधिक त्यांच्याकडून मागणे बरोबर नाही. त्याची आतली गोष्ट लिहिणे आमचे काम होते. निकाहाशिवाय एका महार बाईबरोबर राहणारा हा माणूस जमातीत कसा वागवला गेला? हमालीच्या पैशांतून पाटलाच्या नाकारलेल्या पोराला पोसताना त्याच्या नातलगांनी त्याला काय ऐकवले? ईदच्या दिवशी तो ईदगाहवर कोणाशेजारी उभा राहत होता, आणि घरी येऊन शिरखुर्म्याची पहिली वाटी कोणाला देत होता? मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान लेखकाची अशी कथा आमच्या वाचनात अजून आलेली नाही.